घामाला रकाना नाही

रत्नागिरीत उष्णतेची लाट आली असं सरकारी भाषेत म्हणायचं, तर हवामान खात्याच्या अटी पूर्ण व्हाव्या लागतात. किनारपट्टीवरच्या केंद्रात कमाल तापमान निदान ३७ अंश हवं आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी वर हवं. मैदानी प्रदेशात हीच मर्यादा ४० अंशांची आहे, डोंगराळ भागात ३० अंशांची. कोकणात या अटी जुळतात त्या बहुतेक वेळा फेब्रुवारी-मार्चमध्ये. घाटावरून पूर्वेचा कोरडा वारा उतरतो, समुद्रावरचा वारा दुपारी उशिरापर्यंत येत नाही आणि पारा एकदम चढतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये खात्यानं कोकणासाठी असा इशारा दिला होता. ऐन थंडीच्या शेवटाला लाट कशी, म्हणून त्याची बातमीही झाली.

मे महिन्यात बातमी होत नाही. तेव्हा रत्नागिरीचं कमाल तापमान ३३ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे व्याख्येपासून चांगलं चार अंश लांब. तुम्ही रत्नागिरीचे असाल तर या ३३ अंशांत काय होतं ते सांगायला नको. आंघोळ करून बाहेर आलं की अंग पुसायच्या आत पुन्हा ओलं होतं.

एक हिशेब करून पाहू. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा घातला, की पाणी उडून जाताना फडकं गार होतं आणि पारा खाली येतो. घाम येऊन आपलं शरीर गार होतं ते याच रीतीनं. म्हणून या ओल्या फडक्याच्या तापमानावरून, शरीराला स्वतःला गार करायला किती वाव उरला आहे, हे कळतं. मार्चमधला एक कोरडा दिवस घ्या. ३८ अंश आणि हवेत २५ टक्के आर्द्रता. ओलं फडकं साधारण २३ अंश दाखवेल. आता मे महिन्यातली दुपार घ्या, ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता. ओलं फडकं २८ अंशांच्या वर जाईल. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठात तरुण, धडधाकट लोकांवर प्रयोग झाले. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दमट उष्म्यात साधी हलकी हालचाल करतानाही या ओल्या फडक्याच्या ३०-३१ अंशांनंतर त्यांच्या शरीराला आतलं तापमान स्थिर राखता येईना. आपली मे महिन्यातली दुपार त्या रेषेच्या दोन-अडीच अंश अलीकडे आहे, आणि त्या दुपारी झाडावर चढून झेल्यानं आंबा उतरवणारा माणूस काही हलकी हालचाल करत नसतो.

म्हणजे ज्या दिवशी लाट जाहीर होते त्या दिवशी रत्नागिरीच्या माणसाचा घाम निदान सुकतो. ज्या दिवशी सुकत नाही, त्या दिवशी लाट नसते.

हवामान खात्याला हे माहीत नाही असं नव्हे. कोकणासाठी 'उष्ण व दमट' असे वेगळे इशारे खातं देतं, आणि २०२३ पासून प्रायोगिक उष्मा निर्देशांकही दाखवतं. तुमच्या फोनमधलं ॲपसुद्धा ३३ च्या खाली 'जाणवतं ४१' असं लिहितं. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. हवामान आणि आरोग्य या विषयावर देशानं काय शोधावं हे ठरवणारे जे कागद गेल्या पंधरा-सतरा वर्षांत तयार झाले, त्यांत ही मे महिन्यातली दुपार कुठे आहे? हे कागद मी एखादी कादंबरी वाचावी तसे वाचतो. यात पात्रं कोण, क्रियापदं कुणाच्या वाट्याला आली, कोण बोलतं आणि कोणाविषयी नुसतं बोललं जातं, असं पाहत. अशा वाचनात अन्याय होण्याचा धोका असतो, पण सरकारी कागद तेवढा सोसू शकतो.

०

सुरुवात २००८ पासून करू. त्या वर्षीच्या ७ एप्रिलला जागतिक आरोग्य दिन होता आणि जागतिक आरोग्य संघटनेनं त्याचा विषय ठेवला होता हवामानबदलापासून आरोग्याचं रक्षण. तीन महिन्यांच्या आत, ३० जूनला, भारताचा हवामानबदलविषयक राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला. त्यात आठ अभियानं होती: सौरऊर्जा, ऊर्जाबचत, शहरी अधिवास, पाणी, हिमालय, हरित भारत, शेती आणि या विषयाचं ज्ञान. आरोग्य नव्हतं. सूर्याला अभियान मिळालं, हिमालयाला मिळालं, आणि उन्हात काम करणाऱ्या देहाला वाट पाहावी लागली. आरोग्याचं अभियान वाढवावं हे पुढे ठरलं, आणि 'हवामानबदल व मानवी आरोग्य' हा राष्ट्रीय कार्यक्रम मंजूर झाला तो २०१९ मध्ये. अकरा वर्षं गेली.

मधल्या काळातला एक कागद रत्नागिरीकरांनी खास वाचावा असा आहे. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं २०३० च्या दशकाचा अंदाज बांधणारा एक अहवाल काढला. तो 'चार गुणिले चार' या नावानं ओळखला जातो. चार क्षेत्रं आणि चार प्रदेश. क्षेत्रं म्हणजे शेती, पाणी, जंगलं व जैवविविधता, आणि आरोग्य. प्रदेश म्हणजे हिमालय, पश्चिम घाट, किनारपट्टी आणि ईशान्य भारत. आता नकाशा पाहा. रत्नागिरी जिल्हा या चारपैकी दोन प्रदेशांत एकाच वेळी बसतो. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र. देशानं लक्ष द्यायचे चार प्रदेश निवडले आणि त्यांतल्या दोघांच्या बेचक्यात आपण आलो. असं भाग्य कमी जिल्ह्यांना लाभलं असेल.

पण आरोग्याच्या प्रकरणात प्रारूप वापरून पुढच्या काळाचा हिशेब मांडला गेला तो मलेरियाचा. तापमान आणि आर्द्रता बदलली तर डासातला परजीवी वर्षातले किती महिने वाढू शकेल, असा तो हिशेब. काम चोख आहे. त्यासाठी लागणारी सामग्री देशाकडे होती, कारण मलेरियाच्या नोंदी आपण गेली कित्येक दशकं ठेवतो आहोत. आणि नेमकं हेच मला सांगायचं आहे. मलेरियाच निवडला गेला, कारण मलेरिया मोजलेला होता.

संशोधनाचे अग्रक्रम ठरवण्याची जगभरची रीत साधारण एकच आहे. तज्ज्ञ जमतात, विषयांची यादी करतात, मग प्रत्येक विषयाला गुण देतात. आजाराचा भार किती, पुरावा किती, करता येण्याजोगं किती. रीत वाईट नाही. पण भार किती हे सांगतो कोण? सांगतं ते रजिस्टर. आपल्या देशात २०२० मध्ये जेवढे मृत्यू नोंदले गेले, त्यांतल्या फक्त २२.५ टक्के मृत्यूंना डॉक्टरनं लिहिलेलं कारण होतं. उरलेली माणसं गेली एवढंच कागदाला माहीत आहे. उष्माघाताच्या मृत्यूंची तर आणखी गंमत. गुन्हे नोंद विभागाचा आकडा वेगळा, आरोग्य यंत्रणेचा वेगळा, हवामान खात्याचा तिसराच. ज्याची नोंद नाही त्याचा भार दिसत नाही. भार दिसत नाही म्हणून गुण मिळत नाहीत. गुण नाहीत म्हणून संशोधन नाही, आणि संशोधन नाही म्हणून नोंद कशी करावी हेच ठरत नाही. या चकरेत एखादा विषय अडकला की तो पिढ्यानुपिढ्या 'कमी महत्त्वाचा' राहतो.

अहमदाबादनं ही चकरी एकदा मोडली. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. उष्माघात म्हणून नोंदलेले मृत्यू पाहत बसण्यापेक्षा संशोधकांनी त्या महिन्यातले सगळे मृत्यू घेतले आणि आदल्या-पुढच्या वर्षांच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले. १,३४४ मृत्यू जास्त निघाले. कारण काय लिहिलं होतं याला महत्त्वच उरलं नाही. २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा आला आणि आज देशभर जे आराखडे होतात त्यांचा तो मूळपुरुष आहे. वारसा चांगला आहे, पण वारशाबरोबर रूपही येतं. कोरड्या, पंचेचाळीस अंशांच्या, मोठ्या शहराच्या उन्हाळ्याचं रूप. त्याच साच्यात कोकणाला घातलं की कोकण निरोगी दिसतं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण गेले, तेव्हाही पारा चाळिशीला पोचलेला नव्हता. त्या दिवसानंतर सभा कुठे आणि किती वाजता घ्याव्यात यावर बरीच चर्चा झाली. दमट किनाऱ्यावर किती अंशांना माणूस कोसळतो, हा प्रश्न त्या चर्चेत मागेच राहिला.

०

आता या कागदांतली पात्रं. जवळपास प्रत्येक कागदात एक वाक्य ठरलेलं असतं. धोका कुणाला जास्त? वृद्ध, लहान मुलं, गरोदर स्त्रिया, उघड्यावर काम करणारे मजूर, दीर्घ आजार असलेले. यादी बरोबर आहे. पण ती स्वल्पविरामांनी तोडलेली आहे. म्हातारी माणसं इकडे, स्त्रिया तिकडे, कष्टकरी पलीकडे.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार होती, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. देशात हे प्रमाण उलट असताना इथे ते असं का, हे कोकणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पुरुष चाकरमानी, मुंबईला. मग जूनमध्ये शेतात कोण उतरतं? साठीची बाई. तिला रक्तदाब आहे, गोळी कधी घेते कधी विसरते. ती सकाळी सातला तरवा काढायला वाकते आणि दुपारपर्यंत वाकलेलीच असते. यादीतल्या पाचांपैकी तीन गटांत ती एकटी बसते. स्वल्पविराम काढून टाकले की रत्नागिरीची शेतकरीण तयार होते. पण तोडलेल्या यादीवरून जे संशोधन आखलं जातं त्यात वृद्धांचा अभ्यास घरात बसलेल्या वृद्धांचा होतो, मजुरांचा अभ्यास बांधकामावरच्या तरुण पुरुषांचा होतो, आणि ही बाई दोन्हींतून निसटते.

तिच्या पायांना चिखळणीत बारीक कापलेलं असतं. बांधावरून उंदीर फिरतात, गुरं फिरतात, त्यांचं मूत्र साचलेल्या पाण्यात मिसळतं. लेप्टोचे जीवाणू त्या जखमांतून आत जातात. आठ-दहा दिवसांनी ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. तिला वाटतं लावणीचा शीण आहे. दवाखान्यात डेंग्यू-मलेरियाची तपासणी आधी होते, कारण त्या दिवसांत तेही असतात. लेप्टोला वेळेत साधं डॉक्सिसायक्लिन मिळालं तर माणूस सहसा निभावतो, उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि फुप्फुसं जातात. औषध स्वस्त आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात असतं. अडतं ते एका प्रश्नावर. 'बाय, गेले पंधरा दिवस कुठे राबलीस?' हा प्रश्न विचारणारे डॉक्टर आणि आशाताई आहेत, कोकणात लेप्टो ओळखणारे लोक आहेत. मात्र तो कुणी मुद्दाम विचारला तरच विचारला जातो. आठवड्याच्या गोषवाऱ्यात वर जातो तो आकडा. ताप: इतके. तापाच्या आधीचं काम त्या आकड्यातून कधीच बाहेर येत नाही.

हवामानबदलाचा याच्याशी संबंध काय, असं विचाराल. पाऊस आता सावकाश पडत नाही. जून कोरडा जातो, लावणी लांबते, मग चार दिवसांत सगळं कोसळतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं, त्याआधी जून २०२० मध्ये निसर्ग वादळानं दापोली-मंडणगडच्या बागा झोपवल्या. पुरात रुग्णालयाची वीज जाते तेव्हा आरोग्याचं काय होतं, हे चिपळूणनं पाहिलं. तिथल्या कोविड रुग्णालयातले आठ रुग्ण त्या पुरात दगावल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. असे मृत्यू निदान बातमीत येतात. पूर ओसरल्यावर तीन आठवड्यांनी, दुकानातला चिखल अनवाणी पायांनी काढणाऱ्या माणसाला येणारा ताप कुठल्याच बातमीत येत नाही.

आंब्याचं बघा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अवेळी पाऊस, मग ढगाळ हवा, मग मोहोरावर तुडतुडे, भुरी, फुलकिडे. बागायतदार सांगतात की फवारण्या वाढल्या. वाढल्या म्हणजे खर्च वाढला, एवढंच आपण ऐकतो आणि हापूसच्या पेटीच्या भावाकडे वळतो. फवारणारा माणूस झाडाखाली उभा राहून वर मारतो. औषध पानांवर बसतं आणि उरलेलं त्याच्या डोक्यावर, मानेवर उतरतं. अंगभर प्लास्टिकचा पोशाख घालावा असं बाटलीवर लिहिलेलं असतं. दमट हवेत तो घालून अर्धा तास काम करून पाहावं. माणूस तो काढून ठेवतो, आणि घामानं ओली झालेली कातडी औषध जास्त शोषते. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा राज्य हादरलं. कोकणात तसा एकदम उद्रेक झाला नाही, म्हणून प्रश्नही उठला नाही. पण हवामान, कीड, औषध आणि घाम यांची ही साखळी कुठल्या खात्याची? कृषीवाले म्हणतील आरोग्याची, आरोग्यवाले म्हणतील कामगारांची, आणि बागेतला मजूर बऱ्याचदा नेपाळमधून आलेला, तो म्हणेल साहेब, डोकं दुखतंय, गोळी द्या.

सिंधुदुर्गात २०१६ मध्ये माकडताप आला तोही असाच कामाच्या वाटेनं. हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. गोचिडींतून पसरतो. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत काजूच्या बागेत काम करणाऱ्यांना झाला, पुढच्या वर्षी दोडामार्गाकडे. काजूच्या हंगामात, पालापाचोळ्यात बसून बोंडं गोळा करताना. आजाराचं नाव माकडावरून पडलं, जंगलावरून पडलं. काजूवरून नाही.

०

अग्रक्रम असे खालून ठरूच शकत नाहीत, राष्ट्रीय म्हटलं की वरूनच यायचं, असं कुणाला वाटत असेल तर त्याला महाडला न्यावं. रत्नागिरीच्या सीमेला लागून असलेलं हे गाव. १९७६ च्या सुमाराला मराठवाड्यातून आलेला एक तरुण डॉक्टर, हिंमतराव बावस्कर, महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणात तेव्हा लाल विंचू चावून माणसं मरत. विशेषतः मुलं. विंचू काय, साप थोडाच आहे, असं पुस्तकी वैद्यक म्हणत होतं आणि इकडे दंश झालेली मुलं बघता बघता फुप्फुसात पाणी भरून जात होती. विंचवावर संशोधन करा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी रुग्णाच्या खाटेशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. उलटी कधी झाली, हातपाय गार कधी पडले, रक्तदाब कधी चढला, कधी उतरला. आणि घाम. दंशानंतर दरदरून सुटणारा घाम हे हृदयावर येऊ घातलेल्या संकटाचं आधीचं लक्षण आहे, हे त्या नोंदींतून निघालं. १९८२ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यांनी या रुग्णांना द्यायला सुरुवात केली, आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास सांगितलं जाणारं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या घरात आलं. २०११ मध्ये विंचूविरोधी लस आणि प्राझोसिन यांच्या तुलनेचा त्यांचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं छापला. 'बॅरिस्टरचं कार्टं' या त्यांच्या आत्मचरित्रामुळे मराठी वाचकाला ते माहीत आहेत, पण आपण ते पुस्तक गरिबीतून वर आलेल्या जिद्दीच्या मुलाची गोष्ट म्हणून वाचतो. ती गोष्ट आहेच. मला त्यांच्या कामात संशोधनाची एक पद्धतही दिसते. प्रश्न जिथे मरतो आहे तिथे बसून तो लिहून काढायचा.

एक मान्य करायला हवं. बावस्करांसारखा माणूस दर तालुक्याला मिळेल या आशेवर देशाचं धोरण उभं करता येत नाही. व्यक्तीच्या झपाटलेपणावर विसंबणं हा आपला जुना रोग आहे, आणि एकदा पद्मश्री दिली की आपण सुटलो असं आपल्याला वाटतं. राष्ट्रीय यादी हवीच. पैसा मर्यादित आहे. दिल्लीच्या हवेनं आणि विदर्भाच्या उन्हानं जी माणसं मरतात त्यांचा दावा मोठा आहे, आणि सोळा लाखांचा, तोही आटत चाललेला जिल्हा आपली वेगळी यादी घेऊन उभा राहिला तर त्याला कुणी का विचारावं?

याचं उत्तर मला शेतीत सापडतं. भाताच्या बाबतीत या देशानं असा प्रश्न विचारला नाही. रत्नागिरीजवळ शिरगावला भात संशोधन केंद्र आहे, तिथून 'रत्नागिरी' नावाचे भाताचे वाण निघाले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' आंबा झाला. १९७२ पासून दापोलीला कोकणाचं स्वतंत्र कृषी विद्यापीठ आहे. कोकणातली जमीन वेगळी, पाऊस वेगळा, हवा दमट, म्हणून इथल्या भाताचा प्रश्न इथेच सोडवला पाहिजे, हे कृषी खात्याला पन्नास वर्षांपूर्वीच पटलं होतं. त्यानं राष्ट्रीय धोरणाचे तुकडे पडले नाहीत. उलट त्याला पाय फुटले. त्याच जमिनीवर, त्याच पावसात, त्याच दमट हवेत राबणाऱ्या माणसाच्या शरीराबद्दल मात्र आपण गृहीत धरतो की ते नागपूरच्या माणसासारखंच तापतं. मोहोर कोणत्या तापमानाला गळतो याच्या नोंदी कोकणात मिळतील. मोहोरावर फवारणी करणाऱ्याची नाडी त्या दिवशी किती होती, याची नोंद कोण ठेवणार?

रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांना कधीतरी प्रबंधासाठी विषय लागेल. दापोलीकडे हवामानाच्या रोजच्या नोंदी आहेत, हवामान खात्याचं केंद्र रत्नागिरीतच आहे, ग्रामपंचायतींकडे मृत्यूची नोंदवही आहे. अहमदाबादनं जे केलं ते करायला, म्हणजे दमट दिवस आणि मृत्यू शेजारी शेजारी ठेवून पाहायला, यंत्रसामग्री लागत नाही. जिल्ह्याचे आकडे लहान पडतील, हे खरं. मग पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा किनारा एकत्र घ्यावा, हवं तर गोवा-कारवारपर्यंत जावं. किनारा हा एक प्रदेश आहे असं २०१० च्या अहवालानंच म्हटलं होतं.

आणि तिथे थांबायचं कारण नाही. बांगलादेशात खुलना जिल्ह्यातल्या दाकोप भागात समुद्राचं पाणी आत शिरून पिण्याचं पाणी खारट झालं. तिथल्या गरोदर बायकांच्या रक्तदाबाच्या तक्रारी आणि पाण्यातलं मीठ यांचा संबंध संशोधकांनी तपासला, २०११ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि आज समुद्राची पातळी आणि आरोग्य यावर जगात कुठेही बोलणं निघालं की दाकोपचं नाव येतं. दाकोपला कुणी राष्ट्रीय अग्रक्रम म्हणून निवडलं नव्हतं. तिथल्या बायका खारं पाणी पीत होत्या आणि कुणीतरी त्यांचा रक्तदाब मोजला.

तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकर फिरतात. खाडीकाठच्या वाड्यांतल्या विहिरी शिमग्यानंतर मचूळ होऊ लागतात, हे तिथल्या प्रत्येक सासुरवाशिणीला ठाऊक असतं. कोणत्या विहिरीचं पाणी डाळ शिजवायला चालत नाही, हेही तिला ठाऊक असतं. गरोदरपणात आशाताई तिचं कार्ड भरते. वजन, हिमोग्लोबिन, रक्तदाब. विहीर कोणती, हे त्या कार्डावर नाही.